तालुका कोर्टातला वकील जिल्हा परिषदेला उभा राहतो तेव्हा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात सात वर्षं वकिली झालेल्या तरुण वकिलाचा हा प्रश्न आहे. कामं दिवाणी आणि महसुली, एका पतसंस्थेच्या पॅनलवर नाव, आणि पुढच्या जिल्हा परिषदेला उभं राहायचा विचार. वकिली सोडावी लागेल का, विदर्भातले जुने वकील पुढारी कसे झाले आणि तयारी कुठून धरायची, असं विचारलं आहे.

सनदेचं उत्तर छोटं आहे, ते आधी उरकतो. निवडून आल्याने सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, जात नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ४९ पूर्णवेळ पगारी नोकरीला बंदी घालतो. लोकप्रतिनिधी हा कुणाचा पूर्णवेळ पगारी नोकर नव्हे, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०१८ रोजी अश्विनीकुमार उपाध्याय यांच्या याचिकेत खासदार-आमदारांच्या वकिलीवर बंदी घालायला नकार दिला. आमदाराला चालतं ते जिल्हा परिषद सदस्याला न चालायचं कारण नाही. मंत्री झालात तर गोष्ट वेगळी. तेवढी घाई आत्ता नको.

घोळ होतो तो पेशीच्या (कोर्टातल्या तारखांच्या) डायरीतून. ती काढा, मागच्या तीन वर्षांतलं प्रत्येक प्रकरण एका वहीत उतरवा आणि समोर चार रकाने पाडा : पक्षकाराचं गाव, विरुद्ध पक्षाचं गाव, वादाचा विषय, निकाल. तालुका कोर्टातल्या बहुतेक दिवाणी दाव्यांत पहिले दोन रकाने सारखेच निघतील. धुऱ्याचा (शेताच्या बांधाचा) वाद, वाटणी, वहिवाटीचा मनाईहुकूम, खावटी यांत दोन्ही पक्ष एका गावचे आणि कित्येकदा एकाच आडनावाचे असतात. असा दावा जिंकलात तर एक घर तुमचं होतं. हरलेल्या घराचे सोयरे, शेजारी आणि ज्या ओट्यावर तो माणूस संध्याकाळी बसतो तो सगळा ओटा मात्र 'या वकिलानं आमचा धुरा खाल्ला' एवढंच लक्षात ठेवतो. दावा हरलात तर हरलेला पक्षकारही 'वकील फितला' म्हणतो. सात वर्षांत असे दीडशे दावे चालवलेला वकील मतं मागायला निघतो, तेव्हा त्याला वाटतं आपल्याला सगळी गावं ओळखतात. ओळखतात, हे खरंच आहे.

पतसंस्थेचं पॅनल तर आणखी महागात पडतं. धनादेश न वटल्याची कलम १३८ ची प्रकरणं आणि सहकार कायद्याच्या कलम १०१ चे वसुली दाखले यांत समोर कर्जदार शेतकरी असतो आणि नोटिशीवर सही तुमची असते. वसुलीला सांगणारं संचालक मंडळ त्याने पाहिलेलं नसतं. जप्तीच्या कागदावर ज्याचं नाव, तोच त्याच्या लेखी सावकार. उभं राहायचं पक्कं असेल तर निवडणुकीआधी निदान दोन वर्षं हे काम सोडा. सोडताना नियम १२ पाळा : पक्षकाराला पुरेशी आगाऊ सूचना द्यायची, न केलेल्या कामाची फी परत करायची, फायली पोच घेऊन द्यायच्या. प्रचारात हीच पोच कामी येते, कारण 'हा तर वसुलीचा वकील' ही गोष्ट विरोधक हमखास काढतो.

आता जुन्या लोकांकडे वळू. वकील बोलायला चांगला म्हणून पुढारी होतो, असा एक समज आहे. विदर्भातली ठळक उदाहरणं तपासली तर वक्तृत्वाचा वाटा थोडाच दिसतो.

वणीचे बापूजी अणे १९०८ पासून यवतमाळात वकिली करत होते. टिळकांचे अनुयायी, होमरूलमध्ये पुढे. पण गावखेड्यात त्यांचं नाव रुजलं ते जंगल सत्याग्रहाने. १० जुलै १९३० रोजी पुसद भागातल्या राखीव जंगलात गवत कापून त्यांनी अटक करून घेतली. जंगलातलं गवत आणि चराई हा प्रश्न एका घराचा नव्हता, ज्याच्या दावणीला बैल त्या प्रत्येकाचा होता, आणि समोर गावातला भाऊबंद नसून जंगल खातं होतं. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी राजीनामा देऊन बाहेर पडले, बिहारचे राज्यपाल झाले आणि उतारवयात नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. ही सगळी पुढची पायरी. पहिली पायरी गवताची.

पापळचे पंजाबराव देशमुख ऑक्सफर्डची डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी घेऊन परतले आणि अमरावतीत वकिलीला बसले. १९२८ मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या करणं आणि गावोगाव शिक्षण पोचवणं ही त्यांची त्या काळातली कामं. १९३० मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात गेले, आणि शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली तीही त्याच सुमारास. १९५२ नंतर दहा वर्षं ते केंद्रात कृषी खातं पाहत होते, पण त्याआधी जिल्हा कौन्सिलचं अंदाजपत्रक त्यांनी हाताळलेलं होतं.

तिसरं नाव तुमच्याच जिल्ह्यातलं. गहुलीचे वसंतराव नाईक नागपुरात कायदा शिकले, काही काळ अमरावतीत पंजाबरावांच्या हाताखाली राहिले आणि मग पुसदला स्वतंत्र वकिलीला बसले. १९४६ मध्ये पुसदचे नगराध्यक्ष, १९५२ मध्ये आमदार, आणि जुन्या मध्य प्रदेशात महसूल खात्याचे उपमंत्री. १९६० मध्ये लोकशाही विकेंद्रीकरणाची समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष तेच. त्या समितीच्या अहवालावरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. म्हणजे ज्या सभागृहात तुम्हाला जायचं आहे त्याचा आराखडा पुसदला वकिली केलेल्या माणसाच्या समितीतून आला आहे. पुढे १९६३ ते १९७५ मुख्यमंत्रिपद.

अणे आंदोलनातून आले, पंजाबराव जिल्हा कौन्सिलातून, नाईक नगरपालिकेतून. ज्या कामात अख्खं गाव एका बाजूला उभं राहतं असं काम तिघांनीही धरलं होतं. अलीकडचे राजुऱ्याचे ॲड. वामनराव चटप शेतकरी संघटनेतून विधानसभेत गेले, तिथेही समोर शासनाचं धोरण होतं, शेजारचा शेतकरी नव्हता. तुमची वही याच चाळणीतून काढा. प्रत्येक नवीन प्रकरण घेताना विचारा : यात गाव कुठे उभं आहे?

अशी कामं विदर्भात भरपूर आहेत, फक्त ती कष्टाची आहेत आणि फी उशिरा देतात. तीन प्रकार जरा खोलात सांगतो.

पहिला भूसंपादनाचा. बेंबळा असो की गोसीखुर्द, धरण आणि कालव्यांनी गावंच्या गावं कागदोपत्री अडकली आहेत. वाढीव मोबदल्यासाठी वेळेत अर्ज करणारे थोडे असतात, बाकीचे निवाडा घेऊन घरी बसतात. २०१३ च्या कायद्याचं कलम ७३ त्या बाकीच्यांसाठी आहे : त्याच अधिसूचनेतल्या एखाद्याचा मोबदला प्राधिकरणाने वाढवला तर इतरांना त्या निर्णयापासून तीन महिन्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ही मुदत हातातून निसटते, कारण शेजाऱ्याचा निकाल लागल्याचं गावाला कळतच नाही. म्हणून निकालाच्या दिवशीच प्रमाणित प्रतीसाठी अर्ज टाका (प्रत मिळेपर्यंतचे दिवस मुदतीतून वजा होतात), मूळ निवाड्यातली खातेदारांची यादी काढा आणि एका संध्याकाळी समाजमंदिरात बसून सगळ्यांचे अर्ज भरा. सोबत सातबारा, निवाड्याचा उतारा, पासबुकाची प्रत. खातेदार मयत असेल तर वारसांची नावं आधी नीट करून घ्या. निम्मे अर्ज तिथेच लटकतात.

फीबद्दल इथे थांबून सांगावं लागेल. मोबदल्याच्या प्रकरणांत 'वाढलेल्या रकमेचे इतके टक्के' हा व्यवहार सर्रास चालतो. नियम २० प्रमाणे निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणं आणि मिळालेल्या रकमेत वाटा घेणं हे गैरवर्तन आहे. सनदेपुरता धोका तर आहेच. राजकारणात जास्त मोठा धोका असा की गावातल्या दोनशे लोकांना तुमचे टक्के पाठ असतात. ज्या वकिलाने त्यांची रक्कम चौपट करून दिली त्याच्याविषयीही चावडीवर 'आपल्या धरणाच्या पैशात वकिलाचा बंगला झाला' असंच बोललं जातं. अर्जामागे ठरावीक रक्कम घ्या, पावती द्या, आणि ती रक्कम सगळ्या गावाला एकच ठेवा.

दुसरा प्रकार सावकारीचा. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ मध्ये आला. कर्जाच्या तारणापोटी खरेदीखत करून घेतलेली जमीन कलम १८ खाली परत मिळवता येते, व्यवहार अर्जाच्या मागच्या पंधरा वर्षांतला असला तर. अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे, सावकारीचे जिल्हा निबंधक म्हणून. ही प्रकरणं पुराव्यावर उभी राहतात किंवा पडतात. खरेदीखत झाल्यावरही पीकपेऱ्यात ताबा शेतकऱ्याचाच दिसतो का? खरेदीची किंमत त्या वर्षीच्या शासकीय दरापेक्षा फारच कमी आहे का? आणि सगळ्यात वजनदार पुरावा : दुय्यम निबंधक कार्यालयातून त्या खरेदीदाराच्या नावाच्या सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्तांचे उतारे) काढल्या तर एकाच माणसाने आसपासच्या चार-पाच गावांत अशीच लहान लहान खरेदी केलेली दिसते का? असे आठ-दहा दस्त एकत्र लावले की 'मी फक्त जमीन घेतली' हा बचाव लंगडा पडतो. प्रकरण फसतं ते दोन ठिकाणी. एक, व्यवहार पंधरा वर्षांपलीकडचा निघतो. दोन, खरेदीदार खराच नातलग असतो आणि पैसे व्याजाने दिल्याचा एकही धागा सापडत नाही. असली प्रकरणं केवळ लोकप्रियतेसाठी घेऊ नका, हरल्यावर त्या शेतकऱ्याला गावात तोंड दाखवणं कठीण होतं. आणि पतसंस्थेच्या पॅनलवर राहून सावकारीविरुद्ध भाषण करणाऱ्याला सभेत काय ऐकावं लागेल ते सांगायला नको.

तिसरा वनहक्कांचा. झरी-जामणी, केळापूर, मारेगावचे कोलामांचे पोड (वस्त्या), मेळघाट, गडचिरोली या भागात वकिलाची गरज कोर्टाबाहेरच जास्त लागते. २००६ च्या कायद्याखाली दावा आधी ग्रामसभेपुढे, मग उपविभागीय समिती, मग जिल्हास्तरीय समिती. आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो, इतर पारंपरिक वननिवासींना त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य. पुरावा एकाहून जास्त प्रकारचा हवा, आणि गावातल्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाब हा नियमात मान्य असलेला पुरावा आहे, हे कित्येक अधिकारीही विसरतात. दावे नामंजूर होतात ते बहुधा ग्रामसभेच्या कागदावर. दाव्याच्या ठरावाला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका हव्यात. इतिवृत्तात सह्या-अंगठे मोजून लिहिलेले नसतील तर वरच्या समितीला फाइल परत पाठवायला तेवढं निमित्त पुरतं. ग्रामसभेनेच दावा नाकारला तर त्या निर्णयाविरुद्ध साठ दिवसांत उपविभागीय समितीकडे जाता येतं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले, त्यामागे अशीच वर्षानुवर्षांची कागदाची शिस्त होती.

पूर्वेकडच्या जिल्ह्यांत या यादीत झुडपी जंगल (महसुली नोंदीतली झुडपांची जमीन) आणि माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांचे) तलाव येतील, वऱ्हाडात ई-क्लास, म्हणजे सरकारी गुरचरणाच्या, जमिनी. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या सामाईक हक्कांच्या आणि रूढींच्या जुन्या नोंदी) वाचता येणारा तरुण वकील आता शोधून सापडत नाही. एखाद्या निवृत्त पटवाऱ्याकडे दोन महिने बसून ते शिका. नागपूर विभागात प्रचारसभेपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

पांधण रस्त्यांचं, म्हणजे शेतात जायच्या वाटांचं, काम मात्र जपून. ऐकायला ते गावाचं काम वाटतं, पण कागदावर ते दोन शेतकऱ्यांचं भांडण असतं. असलेला रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली सहा महिन्यांत तहसीलदाराकडे, रस्ता नव्यानेच हवा असेल तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून. दोन्हींत तुम्ही वकीलपत्र घेतलं की बाजू घेतली. इथे वकीलपत्र न घेता मोजणीच्या दिवशी बांधावर उभे राहा, दोघांची संमती पंचनाम्यात लिहून घ्या आणि घरी या.

आता आरक्षण. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत, त्यावर अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसी आरक्षणाची सोडत. ओबीसी आरक्षणावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ४ मार्च २०२१ च्या विकास गवळी निकालानंतर अकोला, वाशीम, नागपूर या जिल्हा परिषदांतल्या निवडून आलेल्या ओबीसी सदस्यांच्या जागा रिकाम्या झाल्या आणि पुन्हा मतदान घ्यावं लागलं. तेव्हा एका गटावर (जिल्हा परिषदेच्या मतदारसंघावर) पाच वर्षं पाणी घालत बसू नका. विदर्भात गावं लहान असल्याने एका गटात पोड, तांडे, पारधी बेडे धरून वीस-तीस वस्त्या सहज येतात. प्रत्येक गटाचे पुढे पंचायत समितीचे दोन गण होतात. जिल्ह्यातल्या कुठल्याही गटाच्या मतदार यादीत नाव असलं की शेजारच्या गटातूनही उभं राहता येतं. म्हणून काम लागून असलेल्या दोन गटांत ठेवा. सोडतीत महिलेची चिठ्ठी निघाली की रातोरात घरातल्या बाईला पुढे करायची पद्धत आहे. तुमच्या घरातल्या बाई खरोखर काम करणाऱ्या असतील तर त्यांना आजपासूनच सोबत न्या. नाहीतर तुमच्यासोबत वनहक्कांचे कागद भरणाऱ्या बचत गटातल्या एखादीला तिकीट मिळवून द्या.

राखीव जागेवर उभे राहणार असाल तर जात पडताळणी आजच करून ठेवा. निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत वैधता प्रमाणपत्र दिलं नाही तर पद आपोआप जातं, आणि ती मुदत दुरुस्त्यांनी बदलत आली आहे. अर्ज भरण्याच्या दिवशी लागू असलेली तरतूद स्वतः वाचा. पुरावा म्हणून कोतवाल पंजी (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी), शाळेचा दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, जुनी पी-१ ही महसुली नोंद. हलबा-कोष्टी वादात (कोष्टी हे हलबा जमातीत मोडतात का) सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००० च्या मिलिंद निकालाने काय केलं ते विदर्भात सांगायला नको : आडनावावर किंवा गावच्या समजुतीवर विसंबू नका, नोंदीतला शब्द काय आहे तो पाहा.

तुमच्या पाठीशी ग्रामपंचायत लढवणारी मुलं असतील, त्यांची अपात्रताही तुम्हीच तपासा. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेलं असेल तर अपात्र, आणि मूल दत्तक दिलं म्हणून सुटका होत नाही. सरकारी किंवा गावठाणाच्या जागेवर अतिक्रमण असेल तर सदस्यत्व जातं, आणि ते अतिक्रमण वडिलांनी केलेलं असलं तरी त्यात राहणारा सदस्य अडकतो, हे जनाबाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं. ई-क्लासवर घर बांधलेल्या कुटुंबातले किती जण आज सरपंच आहेत ते तुम्हाला माहीत आहेच. तक्रार झाली की जिल्हाधिकाऱ्यांकडे सुनावणी लागते.

तुमच्यापुरता एक मुद्दा : सरकारी वकील किंवा जिल्हा परिषदेच्या पॅनलवर असाल तर अर्ज भरण्याआधी राजीनामा द्या, आणि तो मंजूर झाल्याचं पत्र हातात घ्या. नुसता दिलेला राजीनामा छाननीत उपयोगाचा नाही. विधानसभेच्या पातळीवर हा वाद कांता कथुरिया खटल्यात १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. विशेष सरकारी वकील म्हणून एका प्रकरणात नेमणूक झालेल्या आमदाराची निवड उच्च न्यायालयात रद्द झाली आणि वर बहुमताने वाचली. वाचली, पण तोवर किती वर्षं गेली ते पाहा. याच्याच जोडीला आठवतं ते श्रीहरी अणे यांचं. बापूजींचे नातू, राज्याचे महाधिवक्ता. वेगळ्या विदर्भाच्या भूमिकेवरून वाद झाला तेव्हा मार्च २०१६ मध्ये त्यांनी पद सोडलं. सरकारची वकिली आणि स्वतःचं राजकीय मत एका खुर्चीत मावत नाही.

शपथपत्रात वकील चुकतात, हे ऐकून हसू येईल, पण चुकतात. दुसऱ्यांची शेकडो शपथपत्रं केलेला माणूस स्वतःचं मुंशीवर सोडतो. रिकामा रकाना ठेवू नका, आडवी रेघही नको. 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं लिहा. रिकाम्या रकान्यांवरून अर्ज नामंजूर होऊ शकतो, हे २०१३ च्या रिसर्जन्स इंडिया निकालात आहे. प्रलंबित गुन्हे लपवणं हा मतदारांवरचा गैरवाजवी प्रभाव ठरतो, हे कृष्णमूर्ती खटल्यात २०१५ मध्ये ठरलं, आणि तो खटला पंचायत पातळीचाच होता. आंदोलनातले जुने गुन्हे विसरले जातात : कापसाच्या भावासाठी केलेला रास्ता रोको, वीज कंपनीच्या कार्यालयावरचा मोर्चा. समन्स कधी आलेलं नसतं, पण दोषारोपपत्र पडून असतं. ई-कोर्ट्सवर स्वतःचं नाव तीन-चार स्पेलिंगांनी शोधा आणि तालुक्यातल्या प्रत्येक ठाण्यातून लेखी माहिती घ्या. 'सरकारने राजकीय गुन्हे मागे घेतले' या बातमीवर विसंबू नका. सरकारी वकिलाचा अर्ज आणि त्याला न्यायालयाची परवानगी झाल्याशिवाय खटला संपत नाही.

फ्लेक्सवर गाऊन आणि बँडमधला फोटो लावायचा मोह सगळ्यांना होतो. कोर्टाबाहेर सार्वजनिक ठिकाणी गाऊन-बँड घालायला नियमाने मनाई आहे, अपवाद समारंभांचा. कार्यालयाच्या पाटीवर पक्षाचं पद, संघटनेचं नाव, 'भूसंपादन तज्ज्ञ' वगैरे काहीही नको, ते नियम ३६ मध्ये अडकतं. नावाआधी 'ॲड.' पुरतं. प्रचारात पक्षकाराची गोष्टही कधी सांगू नका, त्याच्या भल्याची असली तरी. विरुद्ध उमेदवार तुमचा जुना पक्षकार असेल तर त्याच्या फायलीतलं एक अक्षर बाहेर काढलंत की भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३२ आणि बारची शिस्तपालन समिती दोन्ही मागे लागतील. शिवाय उद्या कोण आपली फाइल तुमच्याकडे आणेल?

पैशाचं आणि कार्यालयाचं गणित आधी मांडा. राजकारणाच्या पहिल्या पाच-सात वर्षांत घर वकिलीवरच चालतं, म्हणून निवडणुकीआधीच्या वर्षात एक सहकारी वकील सोबत घ्या आणि प्रत्येक नव्या वकीलपत्रावर त्याचंही नाव घाला. मग मधेच पेशी सोडावी लागत नाही, नाहरकतीच्या सह्याही गोळा कराव्या लागत नाहीत. मतदानाच्या दोन महिने आधीपासून जामीन आणि तातडीचे मनाईहुकूम घेणं बंद करा. ही कामं थांबत नाहीत, आणि प्रचारात असताना आरोपीचा एक दिवस जास्त आत गेला की त्याचं अख्खं नातं गेलं.

निवडून आलात तर वकिलाच्या दोन सवयी आडव्या येतात. पहिली उलटतपासणीची. सर्वसाधारण सभेत गटविकास अधिकाऱ्याला कोंडीत पकडलं की टाळ्या मिळतात आणि तुमच्या गटातली फाइल सहा महिने खालच्या कपाटात जाते. त्याऐवजी इतिवृत्त मागा, ठरावाचा मसुदा स्वतः लिहून द्या, विरोध असेल तर तो नोंदवून घ्या. जिल्हा परिषदेत कागद वाचणारा सदस्य दुर्मीळ असतो आणि अधिकारी त्याला मनातून टरकून असतात. दुसरी सवय 'हे कायद्यात बसत नाही' असं पहिल्याच वाक्यात सांगण्याची. माणूस दहा कोस चालून आला असतो. नाही म्हणायचंच असेल तर कुठे बसतं ते सांगून मग म्हणा.

सदस्य असताना जिल्हा परिषदेच्या बाजूने किंवा विरुद्ध, तिच्या कंत्राटदारासाठी, आणि आपल्या गटातल्या सरपंचांच्या अपात्रतेच्या प्रकरणात वकीलपत्र घेऊ नका. आपल्या पक्षकाराचा विषय सभेत आला तर बाहेर जा आणि बाहेर गेल्याची नोंद करून घ्या. पक्षाच्या चिन्हावर निवडून आला असाल तर १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा वाचून ठेवा. पक्षादेश मोडल्याची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांपुढे जाते, आणि अध्यक्षपदाच्या निवडीच्या रात्री तुम्हाला कुणीतरी गाडीत बसवून सहलीला न्यायला येणारच आहे.

पडलात तरी खर्चाचा हिशेब निकालापासून तीस दिवसांत द्यायचा असतो. हरलेले उमेदवार तो देत नाहीत आणि पुढच्या निवडणुकीला अर्ज भरताना अपात्र ठरल्याचा आदेश समोर येतो. प्रचार सुरू असतानाच रोजच्या रोज मंडप, गाडी, जेवणाच्या पावत्या एका पाकिटात टाका. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पाकीट घेऊन हिशेब घेणाऱ्या निवडणूक कार्यालयात जा, पोच घ्या, आणि तिथून सरळ कोर्टात. अकरा वाजता पुकारा होतो.